एकसष्टाव्या क्रमांकाचं गाणं

२००८ च्या ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि अकादमीच्या संगीत शाखेला एका गाण्याची जन्मकुंडली तपासायला बसावं लागलं. 'फॉलिंग स्लोली' हे ते गाणं, 'वन्स' नावाच्या एका अगदी कमी खर्चाच्या आयरिश चित्रपटातलं युगुलगीत. ऑस्करचा नियम असा की स्पर्धेतलं गाणं त्या चित्रपटासाठीच लिहिलेलं असलं पाहिजे. हे गाणं तर २००६ सालातच तीन ठिकाणी वाजून गेलं होतं. ग्लेन हॅन्सर्ड आणि मार्केटा इर्ग्लोव्हा या दोघांच्या 'द स्वेल सीझन' या अल्बममध्ये ते होतं. हॅन्सर्डच्या 'द फ्रेम्स' या बँडच्या 'द कॉस्ट' या अल्बममध्ये होतं. आणि यान हर्झेबेक या चेक दिग्दर्शकाच्या 'क्रास्का व नेस्नाझीख' या चित्रपटातही होतं. मग हे नवं कसं, असा प्रश्न लोकांनी विचारला तर त्यांचं काय चुकलं?

चौकशीअंती अकादमीने गाण्याच्या बाजूने निकाल दिला. गाणं मुळात 'वन्स'साठीच रचलेलं होतं. पण चित्रपट उभा राहायला वेळ लागला आणि दरम्यान गाणाऱ्यांनी ते इकडेतिकडे गायलं. ते इकडेतिकडे गाणं अकादमीच्या मते इतकं किरकोळ होतं की त्याने पात्रतेला बाध येत नव्हता. निकाल योग्यच होता. पण मला त्यातली मेख वेगळी दिसते. एक गाणं, एकाच वर्षात, चार निरनिराळ्या वाहनांतून निघालं होतं आणि कुठेही फारसं गाजलं नव्हतं. पुढे त्याने जे कमावलं तेही असंच, वाहनं बदलत बदलत. स्वतःच्या पायावर ते कधीच फार लांब चाललं नाही. ऑस्करनंतरच्या सगळ्या गाजावाजातसुद्धा अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट हंड्रेड' या यादीत त्याची चढती मजल ६१ व्या क्रमांकापर्यंतच गेली. ज्या गाण्याला जगभर लोक ओळखतात, ज्याच्या भोवती पुढे ब्रॉडवेचं नाटक उभं राहिलं, त्याला पहिल्या पन्नासातसुद्धा जागा मिळाली नाही. ही विसंगती सोडवायला बसलं की लोकप्रिय संगीताचा धंदा कसा चालतो ते बऱ्यापैकी कळतं.

हॅन्सर्डचा जन्म १९७० चा, डब्लिनमधला. बॉलीमन या तिथल्या कामगार वस्तीत तो वाढला, तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि ग्राफ्टन स्ट्रीटवर गिटार घेऊन उभा राहिला. ग्राफ्टन स्ट्रीट म्हणजे शहराच्या मधोमध असलेला, वाहनांना बंद असलेला बाजाररस्ता. तिथे रस्त्यावर गाणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, आणि गिटारची पेटी उघडी ठेवून तिच्यात नाणी पडण्याची वाट बघणं हे तिथे कमीपणाचं मानलं जात नाही. १९९० मध्ये त्याने 'द फ्रेम्स' सुरू केला. दुसऱ्याच वर्षी ॲलन पार्करच्या 'द कमिटमेंट्स' या चित्रपटात त्याला गिटारवाल्याची भूमिका मिळाली. पण अभिनय काही त्याने मनावर घेतला नाही. बँडने मोठ्या रेकॉर्ड कंपन्या पाहिल्या, सोडल्या, स्वतःच्या बळावर अल्बम काढले. आयर्लंडमध्ये मैफली भरत, बाहेर मात्र फारसं कोणी नाव घेत नसे. 'इंडी फोक' म्हणतात ती अशा लोकांची वस्ती: बड्या कंपन्यांच्या अंगणाबाहेरची, लाकडी गिटार, पियानो, व्हायोलिन अशा वाद्यांवर जगणारी, आवाजाला फार रंगरंगोटी न करणारी. यातलं 'फोक' आपल्या ओवी-भारुडासारखं अनामिक नसतं. प्रत्येक गाण्याला नावानिशी मालक असतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्या मालकीचीच आहे.

इर्ग्लोव्हा १९८८ ची. चेक प्रजासत्ताकातल्या वालाश्स्के मेझिरझिची या गावची. तिच्या वडिलांचा आणि हॅन्सर्डचा परिचय होता आणि त्यातूनच त्याने तिला लहान वयात पियानो वाजवताना ऐकलं. पुढे दोघांनी मिळून गायला सुरुवात केली. त्यांच्या जोडीचं 'द स्वेल सीझन' हे नाव योसेफ श्क्वोरेत्स्की या चेक लेखकाच्या एका पुस्तकावरून घेतलेलं आहे.

'वन्स'चा दिग्दर्शक जॉन कार्नी हा एके काळी 'द फ्रेम्स'मध्येच बेस गिटार वाजवायचा. रस्त्यावर गाणारा एक आयरिश तरुण आणि फुलं विकणारी एक चेक मुलगी यांची गोष्ट त्याच्या डोक्यात होती. हॅन्सर्डने फक्त गाणी द्यायची, नायकाची भूमिका किलियन मर्फीने करायची, असं ठरलं होतं. मर्फी बाजूला झाला. त्याच्याबरोबर पैसे घालणारेही हलले. मग कार्नीने गाणी लिहिणाऱ्यालाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि बहुतेक पैसा आयरिश फिल्म बोर्डाकडून घेऊन कामाला लागला. एकूण खर्च दीड लाख डॉलरच्या आसपास. २००६ च्या जानेवारीत १७ दिवसांत चित्रीकरण उरकलं. दिव्यांचा खर्च नको म्हणून नैसर्गिक प्रकाश, भाड्याची जागा नको म्हणून मित्रांची घरं. रस्त्यावरची दृश्यं लांबून, मोठ्या लेन्सने टिपली, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांना आपण चित्रपटात आहोत याचा पत्ताच नव्हता. कार्नीने स्वतःचं मानधन दोघा मुख्य कलाकारांना दिलं आणि चित्रपट चालला तर सगळ्यांना वाटा देईन असं कबूल केलं. असल्या कबुल्या या धंद्यात पावसासारख्या पडतात, वाटा देण्याची वेळ मात्र क्वचित येते. इथे ती आली.

आता त्या गाण्याच्या प्रसंगाकडे वळतो, कारण माझ्या मते सगळ्या यशाचं मूळ तिथे आहे.

चित्रपटात दोघांना नावंच नाहीत. श्रेयनामावलीत ती फक्त 'तो' आणि 'ती' आहेत. तिला पियानो येतो, पण घरी पियानो घेण्याची ऐपत नाही. शहरातल्या एका वाद्यांच्या दुकानाचा मालक तिला जेवणाच्या सुट्टीत तिथल्या पियानोवर वाजवू देतो. ती त्याला तिथे घेऊन जाते. आधी मेंडेल्सनचं थोडं वाजवून दाखवते. मग तो पाठीवरची गिटार काढतो, जुनी, खरवडून खरवडून पृष्ठभागाला भोक पडलेली, आणि आपलं एक नवं गाणं तिला शिकवायला लागतो. इथे ही कॉर्ड, मग ही, ध्रुवपदाला अशी वर. ती ऐकते, बोटं ठेवून बघते, चुकत नाही पण अंदाज घेत राहते. मग दोघं गाणं सुरू करतात. सुरुवातीला ती त्याच्या मागे आहे. हळूहळू तिचा आवाज त्याच्या आवाजाला चिकटतो, आणि गाणं संपेपर्यंत ते दोघांचं झालेलं असतं.

चित्रपटात गाणं 'घडताना' दाखवण्याचे प्रयत्न पुष्कळ झालेत. बहुतेक ठिकाणी संगीतकार पेटीवर दोन स्वर छेडतो आणि तिसऱ्या मिनिटाला पन्नास व्हायोलिनं कुठून तरी सुरू होतात. इथे तसं काही होत नाही. जे वाजतं ते समोर दिसतं: एक गिटार, एक पियानो, दोन गळे. प्रेक्षकही त्या मुलीबरोबर गाणं शिकतो. कडवं सी आणि एफ या दोन कॉर्डमध्ये पुढेमागे झुलत राहतं, ध्रुवपदात ए मायनर आणि जी येतात. गिटार हातात धरून महिना झालेल्या कोणालाही हे चार आकार येतात. ठेका संथ. शब्द थोडे आणि काहीसे मोघम. कोण कोणाला म्हणतंय ते स्पष्ट नाही, त्यामुळे कोणीही कोणालाही म्हणू शकतं.

आपल्या कानांना युगुलगीत म्हटलं की सवाल-जवाब आठवतो. एक ओळ त्याची, एक तिची, मध्ये थोडा रुसवा, शेवटची ओळ एकत्र. 'फॉलिंग स्लोली'मध्ये ती जवळजवळ सगळीकडे त्याच्याबरोबरच गाते, तेच शब्द, फक्त निराळ्या सुरावर. पाश्चात्त्य संगीतातल्या हार्मनीचा हा सर्वांत साधा प्रकार. अवघड तानबाजी नाही, हरकती-मुरक्या नाहीत. शेवटाकडे हॅन्सर्डचा आवाज वरच्या सप्तकात जातो तेवढीच काय ती कसोटी. तिथेही तो आवाज गुळगुळीत नाही, रस्त्यावर ट्रॅफिकच्या वर आवाज काढायची सवय असलेल्या माणसाचा आहे, थोडा फाटणारा. इर्ग्लोव्हाचा आवाज त्याच्या उलट, सपाट, न थरथरणारा. दोन्ही आवाज उत्तम गवयाचे नाहीत, आणि ऐकणाऱ्याला 'हे मलाही जमेल' असं वाटायला तेच कारण पुरतं. व्यापाराच्या भाषेत सांगायचं तर या गाण्याने ग्राहक मिळवण्यापेक्षा गाणारे मिळवले. पुढे जे पैसे आले ते मुख्यतः या गाणाऱ्यांच्या मार्गाने.

पण तिथवर जाण्याआधी गाणं लोकांच्या कानावर पडायला हवं होतं. चित्रपट जुलै २००६ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या महोत्सवात दाखवला गेला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी चित्रपटांच्या विभागात प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि मग फॉक्स सर्चलाइटने त्याचे अमेरिकेतले हक्क घेतले. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच कंपनीने २००४ मध्ये 'गार्डन स्टेट' आणला होता, ज्याच्या अल्बमने अनेक अनोळखी इंडी गाणी घराघरांत पोहोचवली. याच कंपनीचा 'जुनो' २००७ च्या अखेरीस आला आणि त्याचा साधासुधा, लाकडी गिटारचा अल्बम जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत चक्क पहिल्या क्रमांकावर गेला. म्हणजे छोट्या चित्रपटाच्या पाठीवर छोटी गाणी कशी विकायची याचा सराव या लोकांना होता. 'वन्स'च्या अल्बमचं वितरण कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने केलं. कोलंबिया सोनीची, सर्चलाइट तेव्हा फॉक्सची. 'दोन फाटक्या कलावंतांनी जग जिंकलं' ही कहाणी सांगायला गोड आहे. पण त्या दोघांच्या मागे जगातल्या दोन बलाढ्य वितरणयंत्रणा उभ्या होत्या हे सांगणारा मला तरी क्वचितच भेटतो. आणि गरिबीची ती कहाणी जाहिरातीत पुरेपूर वापरली गेली, हेही खरं. एवढ्या कमी पैशांत, एवढ्या कमी दिवसांत, हे वाक्य प्रत्येक परीक्षणात होतं.

१६ मे २००७ ला अमेरिकेत मोजक्या पडद्यांवर चित्रपट लागला आणि तोंडोतोंडी पसरत गेला. अमेरिकेत ९० लाख डॉलरहून अधिक, जगभरात दोन कोटींच्या वर, एवढा गल्ला झाला. खर्चाच्या शंभरपट म्हटलं तरी चालेल. स्टीव्हन स्पीलबर्गने एका मुलाखतीत या छोट्या चित्रपटाने आपल्याला वर्षभर पुरेल एवढी उमेद दिली अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं आणि वर्तमानपत्रांना आणखी एक वाक्य मिळालं.

२४ फेब्रुवारी २००८ ची रात्र. सर्वोत्कृष्ट गीताच्या पाच नामांकनांपैकी तीन एकट्या डिस्नेच्या 'एन्चांटेड'ची होती. तीन गाणी एकाच चित्रपटाची असली की मतं फुटतात. आदल्या वर्षी 'ड्रीमगर्ल्स'चंही असंच झालं होतं, तीन नामांकनं आणि हाती शून्य. (२००८ च्या जूनमध्ये अकादमीने एका चित्रपटाची दोनपेक्षा जास्त गाणी घ्यायची नाहीत असा नियम केला.) ऑस्कर 'फॉलिंग स्लोली'ला गेला. हॅन्सर्ड बोलला, चित्रपट साध्या हॅंडीकॅमवर तीन आठवड्यांत केला होता हे सांगितलं. इर्ग्लोव्हा माइककडे वळली आणि तेवढ्यात वाद्यवृंद सुरू झाला, वेळ संपली. जाहिरातींच्या विश्रांतीनंतर सूत्रसंचालक जॉन स्ट्युअर्टने तिला पुन्हा मंचावर बोलावलं आणि तिचं बोलणं पूर्ण करू दिलं. ऑस्करच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल. स्वतंत्रपणे धडपडणाऱ्या संगीतकारांसाठी तिने चार वाक्यं सांगितली. तेव्हा ती १९ वर्षांची होती, विसावं लागायला चार दिवस कमी. संगीतासाठी ऑस्कर मिळवणारी ती सर्वांत लहान व्यक्ती.

त्या रात्रीचा परिणाम दुसऱ्या दिवशीपासून दिसला. अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या दहांत गेला. लोक एकेक गाणं संगणकावर विकत घेऊ लागले होते, ॲपलच्या आयट्यून्स दुकानात बहुतेक गाण्यांची किंमत ९९ सेंट होती, त्या खरेदीच्या जोरावर हे गाणं ६१ वर पोहोचलं. मग ते खाली आलं. नभोवाणीवर त्याला फार जागा नव्हतीच. २००८ मध्ये अमेरिकी रेडिओवर नाचगाणी आणि रॅपची चलती होती, आणि संथ, कुजबुजत सुरू होणारं गाणं दोन जाहिरातींच्या मध्ये लावायला कोणी तयार नसतं. चार्टवरची कारकीर्द तिथे संपली. कमाई मात्र तिथून सुरू झाली, आणि तिचा मार्ग समजायला गाण्याच्या मालकीची थोडी फोड करावी लागते.

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. ती लिहिणाऱ्याची आणि त्याच्या प्रकाशकाची. त्या शब्द-चालीचं एखादं विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी, बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीची. अल्बम विकला की मोठा हिस्सा दुसऱ्या मालमत्तेच्या धन्याकडे जातो. अमेरिकेत तेव्हा गाणं लिहिणाऱ्याला विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कायद्याने ठरलेला दर होता ९.१ सेंट, आणि तो २००६ पासून २०२२ पर्यंत तसाच राहिला. दहा लाख प्रती खपल्या तर ९१ हजार डॉलर, तेही लेखक आणि प्रकाशक यांच्यात वाटून. चित्रपटगृहात गाणं वाजलं म्हणून युरोपात लेखकाला काही मिळतं, अमेरिकेत मिळत नाही. १९४८ च्या एका न्यायालयीन निकालापासून तिथे तशी पद्धतच आहे. रेडिओवर वाजलं तर अमेरिकेत लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. एकूण हिशेब असा की स्वतःच लिहून स्वतः गाणाऱ्याला विक्रीपेक्षा लिहिण्याच्या हक्कावर जास्त काळ जगता येतं. विकलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे एकदा बाजारात नेलेलं पीक, आणि शब्द-चालीचा हक्क म्हणजे दरवर्षी खंडाने देता येणारी जमीन. दुसऱ्या कोणी गाणं गायलं, मुद्रित केलं, मंचावर आणलं की खंड येतो, आणि जमीन जागेवरच राहते.

'फॉलिंग स्लोली'ची जमीन कसायला लोक रांग लावून आले. २००९ मध्ये 'अमेरिकन आयडॉल' या अफाट प्रेक्षकसंख्येच्या स्पर्धेत क्रिस ॲलनने ते निवडलं; त्या मोसमाचा विजेताही तोच ठरला. पुढच्याच वर्षी त्याच मंचावर क्रिस्टल बोअरसॉक्स आणि ली डिवाइझ यांनी ते जोडीने गायलं आणि अंतिम फेरीत हीच दोघं समोरासमोर आली. नवख्या गायकांना स्पर्धेत काय लागतं? दोन मिनिटांत भाव पोहोचवणारी, गळ्याला फार न ताणणारी, आणि 'बघा, माझी निवड निराळी आहे' असं मिरवता येणारी चीज. हे गाणं तिन्ही अटींत बसत होतं. त्यानंतर लग्नसमारंभांत, कॉलेजच्या कार्यक्रमांत, यूट्यूबवर, कुठे कुठे ते गायलं गेलं याचा हिशेब नाही. दरम्यान २००९ मध्येच हॅन्सर्ड आणि इर्ग्लोव्हा 'द सिम्प्सन्स'च्या आयर्लंडमधल्या एका भागात आवाज देऊन गेले होते. त्या कार्टूनमध्ये चेष्टा होणं ही अमेरिकेत घरोघरी पोहोचल्याची पावती मानतात.

मोठा खंड मात्र रंगभूमीवरून आला. 'वन्स'चं नाटक करायचं ठरलं तेव्हा ते बिघडण्याची शक्यताच जास्त होती. चित्रपटात काही घडतच नाही: दोघं भेटतात, गाणी मुद्रित करतात, एकत्र न येता वेगळे होतात. ब्रॉडवेला झुंबरं कोसळायला लागतात. नाटककार एंडा वॉल्श आणि दिग्दर्शक जॉन टिफनी यांनी उलटा रस्ता धरला. रंगमंचावर एक आयरिश दारूचा गुत्ता उभा केला. प्रयोगाआधी आणि मध्यंतरात प्रेक्षकांनी वर चढून तिथे पेला विकत घ्यायचा. वाद्यवृंद खड्ड्यात बसवला नाही. नटच गिटार, व्हायोलिन, चेलो, मेंडोलिन, अकॉर्डियन वाजवत भूमिका करायचे. संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला गाणाऱ्या नटाचं अप्रूप नाही, पण आपला नट तबला-ऑर्गनची साथ खाली सोडून वर उभा असायचा. इथे साथीदार आणि पात्र एकच, आणि प्रत्येक नटाची निवड करताना त्याचं वाद्य आधी पाहिलं जाई. यात खर्चही वाचतो, हे ओघाने आलंच.

२०११ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप या लहान नाट्यगृहात ते लागलं आणि १८ मार्च २०१२ ला ब्रॉडवेच्या बर्नार्ड बी. जेकब्स नाट्यगृहात आलं. उभारणीचा खर्च सुमारे ५५ लाख डॉलर. ब्रॉडवेच्या मानाने ही रक्कम फुटकळ. तिथल्या बहुतेक संगीतिकांचा घातलेला पैसा कधीच परत येत नाही. 'वन्स'चा सहा महिन्यांच्या आत आला. त्या वर्षी ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांची ११ नामांकनं आणि ८ टोनी, त्यात सर्वोत्कृष्ट संगीतिकेचाही. आणि गंमत पाहा: सर्वोत्कृष्ट संगीतरचनेच्या टोनीसाठी हे नाटक पात्रच नव्हतं, कारण गाणी रंगभूमीसाठी लिहिलेली नव्हती, चित्रपटातून आलेली होती. चार वर्षांपूर्वी ऑस्करने 'जुनं नाही' म्हणून जे पदरात घेतलं, त्याला टोनीने 'जुनं आहे' म्हणून दारातच थांबवलं. अकराशेहून अधिक प्रयोग करून जानेवारी २०१५ मध्ये ब्रॉडवेचा पडदा पडला. तोवर ते लंडनच्या वेस्ट एंडला, मेलबर्नला आणि कोरियन भाषेत सोलला पोहोचलं होतं. नाटकाच्या प्रत्येक आठवड्याच्या तिकीटविक्रीतून गीत-संगीतकारांना ठरलेला हिस्सा जातो. नाटकात 'फॉलिंग स्लोली' दोनदा येतं, पहिल्या अंकात आणि अगदी शेवटी, म्हणजे प्रेक्षक ते गुणगुणतच बाहेर पडतात.

याच काळातली दुसरी इंडी फोक युगुलगीतं शेजारी ठेवली तर या गाण्याचं वेगळेपण दिसतं. आइसलँडच्या 'ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन'चं 'लिटल टॉक्स' २०११ चं. रेडिओने उचलल्यावर ते 'हॉट हंड्रेड'मध्ये २० पर्यंत गेलं, 'फॉलिंग स्लोली'च्या कितीतरी वर. पण त्यात तुताऱ्या आहेत, मोठ्याने ओरडायच्या हाका आहेत, सहाजणांचा बँड लागतो. ते ऐकायचं गाणं आहे, घरी बसून दोघांनी म्हणायचं नाही. 'द सिव्हिल वॉर्स' या अमेरिकी जोडीचं 'पॉयझन अँड वाइन' 'ग्रेज ॲनाटमी' या दूरचित्रवाणी मालिकेत वाजलं आणि जोडीचं नाव झालं, २०१२ मध्ये दोन ग्रॅमी मिळाली. २०१४ मध्ये जोडी फुटली आणि गाणंही तिच्याबरोबर मागे पडलं, कारण ते त्या दोन आवाजांच्या नाजूक विणीवरच उभं होतं.

'फॉलिंग स्लोली'ची जोडीही फुटली. चित्रपटाच्या प्रसिद्धीच्या काळात दोघं खरोखरच एकत्र आली होती आणि पडद्यावर जे जुळलं नाही ते बाहेर जुळलं म्हणून प्रेक्षक हरखले होते. २००९ पर्यंत ते नातं संपलं. त्याच वर्षी आलेल्या 'स्ट्रिक्ट जॉय' या अल्बममध्ये त्याच्या खुणा आहेत, आणि त्या दोन-तीन वर्षांच्या दौऱ्यांवर २०११ मध्ये एक माहितीपटही निघाला. तो पाहताना जाणवतं की सगळं जग ज्यांच्याकडून एकच गाणं मागतं त्यांना ते रोज रात्री म्हणावं लागणं ही काही फुकटची गोष्ट नाही. इर्ग्लोव्हा पुढे आइसलँडला स्थायिक झाली, दोघांनी आपापले अल्बम काढले. हॅन्सर्ड नाताळच्या आदल्या संध्याकाळी डब्लिनमध्ये इतर गायकांबरोबर बेघरांसाठी पैसे गोळा करायला उभा राहतो, हा क्रम मात्र चालू राहिला. मग दोघं पुन्हा एकत्र मैफली करू लागली, २०२३ मध्ये नवं गाणं दिलं आणि २०२५ मध्ये 'फॉरवर्ड' हा अल्बम. मधल्या सगळ्या वर्षांत गाणं त्यांच्या भांडणावाचून आणि समेटावाचून आपलं आपलं चालत होतं.

सध्या 'वन्स'चे हौशी आणि शालेय प्रयोगांचे हक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनल ही संस्था देते. परवाना घेणाऱ्या मंडळींची अडचण ठरलेली असते: गाणारा, वाजवणारा आणि अभिनय करणारा असा एकच माणूस, आणि तो एक नाही, डझनभर हवेत. त्यामुळे अनेक ठिकाणी तालमी सुरू होण्याआधी काही नटांना वाद्यांचे धडे दिले जातात. चार कॉर्डच्या गाण्यापासून सुरुवात करायला सोपं जातं.